अकरा आठवडे आणि आजीचे रातांबे

वाचकाचे पत्र

ताई, मी कराडजवळच्या एका गावात राहते. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले असून शेवटचा पेपर ६ मे रोजी झाला. पुण्यातील एका औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत माझी निवड झाली आहे आणि १ ऑगस्टला रुजू व्हायचे आहे. नववीनंतर मला मोकळा मे महिना मिळालेला नाही. कधी व्हेकेशन बॅच, कधी सीईटी, तर कधी मी घेत असलेल्या शिकवण्या. आता इतका वेळ एकदम समोर आल्यावर मला आनंद होण्याऐवजी धास्तीच वाटते आहे, कारण सगळे म्हणतात की अशी सुट्टी आयुष्यात पुन्हा मिळत नाही. वडिलांना वाटते, मी पुण्यात राहून राज्यसेवा स्पर्धा परीक्षेचा तीन महिन्यांचा क्लास करावा. ३० हजार रुपये फी भरायला ते तयार आहेत, पण मला ती परीक्षा द्यायची आहे की नाही हेच मला ठाऊक नाही. मैत्रिणी हिमाचलात ट्रेकला जायचे म्हणतात. काकू म्हणतात, रिकामी आहे तोवर दोन-तीन स्थळे बघून घेऊ. माझे आजोळ राजापूर तालुक्यात आहे. तिथे ७८ वर्षांची आजी एकटी राहते. दरवर्षी आई मे महिन्यात आठ दिवस जाऊन तिला आमसुले करू लागते, पण यंदा आईच्या गुडघ्यांमुळे ते जमणार नाही. मला तिकडे जावेसे वाटते. पण तीन महिन्यांत काय केलेस असे उद्या कोणी विचारले, तर आमसुले केली असे सांगायचे का? शिकवण्यांतून साठवलेले १८ हजार रुपये माझ्याजवळ आहेत. काय करावे?

उत्तर

प्रिय वाचक मैत्रीण,

वयाने मी तुमच्या आईपेक्षा आजीला जवळची असले, तरी सदराचा शिरस्ता म्हणून तुम्हाला ‘तुम्ही’च म्हणते. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा माझे लक्ष पर्यायांच्या यादीपेक्षा त्या ‘धास्ती’ या शब्दावर अडकले. गेली पाच-सहा वर्षे तुमचा प्रत्येक उन्हाळा दुसऱ्या कोणीतरी आखून दिलेला होता आणि त्याची वेळापत्रके भिंतीवर चिकटवलेली होती. आता भिंत कोरी दिसताच काहीतरी चुकते आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यात ‘अशी सुट्टी पुन्हा नाही’ हे वाक्य प्रत्येक जण प्रेमाने तुमच्या डोक्यावर ठेवून जातो आणि सुट्टीचेही ओझे होते. रुजू होण्याच्या तारखेपर्यंत तुमच्याजवळ आता जेमतेम अकरा आठवडे उरले आहेत. पेपरनंतरचा आठवडा झोपण्यात, कपाट आवरण्यात आणि आईच्या हातचे खाण्यात गेला असेल, तर तो वाया गेला असे समजू नका. परीक्षेनंतर शरीर आपली थकबाकी वसूल करतेच.

राहता राहिली कोणी विचारेल याची काळजी. शेवटचा पेपर आणि नोकरीचा पहिला दिवस यांमधल्या तीन महिन्यांचा हिशेब कोणतीही कंपनी मागत नाही, कारण निवड करतानाच तुमची परीक्षा कधी संपणार हे त्यांना माहीत होते. हा प्रश्न तुम्हाला कोणी विचारलाच, तर तो एखाद्या लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसलेला नातेवाईक विचारील. आणि त्याला आमसुलांचे उत्तर पुरेसे आहे.

यातला सर्वांत चांगला पर्याय कोणता, असे तुम्ही विचारता आहात. मी तुमच्या जागी असते, तर प्रश्न थोडा वेगळा केला असता: पुढच्या वर्षी, नोकरी चालू असताना, मोजक्या रजा हाताशी असताना, यातले काय करता येईल आणि काय येणार नाही? जे पुढेही करता येईल ते खुशाल पुढे ढकलावे, आणि ज्याला सलग मोकळे आठवडे लागतात किंवा जे एका ठरावीक मोसमातच होते, त्याला हे दिवस द्यावेत. या चाळणीतून तुमचे पर्याय एकेक करून गाळून पाहू.

क्लास या चाळणीतून पहिल्याच झटक्यात खाली पडतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक पद्धतीची झाली आहे. नऊ प्रश्नपत्रिका आणि १७५० गुण, असा तिचा पसारा आहे. त्यातही ज्याला ती द्यायची आहे की नाही हेच ठरलेले नाही, त्याने तीन महिन्यांच्या बॅचमध्ये बसणे म्हणजे लग्न ठरण्याआधी मांडवाचे पैसे देण्यासारखे आहे. खुल्या प्रवर्गालाही वयाच्या ३८ व्या वर्षापर्यंत ही परीक्षा देता येते, म्हणजे तुमच्या हातात कितीतरी वर्षे आहेत. तथापि वडिलांना नुसते ‘नको’ म्हणू नका. तीस हजार रुपये बाजूला काढणाऱ्या माणसाच्या मनात मुलीच्या स्थैर्याची काळजी असते आणि त्या काळजीला उत्तर मिळाले पाहिजे. लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका उपलब्ध असतात. पूर्व परीक्षेच्या दोन-तीन उतरवून घ्या, घड्याळ लावून सोडवा, आणि बालभारतीची इतिहास-भूगोलाची पाठ्यपुस्तके, जी संकेतस्थळावर मोफत मिळतात, ती दुपारी दोन तास याप्रमाणे दहा-बारा दिवस वाचून पाहा. तेवढ्यात हा अभ्यास आपल्याला गोड लागतो की कडू हे तुमचे तुम्हाला कळेल, आणि वडिलांशी बोलताना तुमच्याजवळ अंदाजाऐवजी अनुभव असेल.

येथे थोडे माझे सांगते. आमच्या काळी पदवीनंतरच्या उन्हाळ्यात घरोघरची मुले-मुली टंकलेखनाच्या क्लासला घातली जात. मी टंकलेखन, शिवणकाम आणि लघुलेखन असे तीन क्लास एकाच उन्हाळ्यात केले, आणि आज मला त्यांपैकी फक्त टंकलेखन येते, कारण पुढे रोज त्याची गरज पडली. शिवणयंत्राचा दोरा कसा ओवतात हेही आता मला आठवत नाही. शिकल्यावर लगेच वापरात न येणारी विद्या उन्हाळ्यात घेऊन पावसाळ्यात गंजते, हा माझा अनुभव आहे; म्हणून केवळ प्रमाणपत्राच्या कागदासाठी कोणी चार आठवड्यांचा कोर्स सुचवला, तर त्यालाही हाच निकष लावा.

हिमाचलच्या ट्रेकविषयी माझे मन जरा दुविधेत आहे, कारण मैत्रिणींचा असा गट पुढे एका वेळी एका ठिकाणी जमणे खरोखरच अवघड असते. पण हिशेब पाहा. आज मेचा मध्य उलटत आला आहे. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, त्यामुळे मेअखेरच्या उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांची तिकिटे आता प्रतीक्षायादीत असणार. ट्रेकची फी, प्रवास, बूट आणि गरम कपडे मिळून तुमच्या १८ हजारांतले फारसे काही मागे उरणार नाही. आणि हे पैसे तुम्हाला ऑगस्टमध्ये लागणार आहेत! पहिला पगार महिनाभर काम केल्यावर हातात पडतो, तोवर पुण्यातल्या खोलीचे डिपॉझिट, पहिल्या महिन्याचे भाडे आणि मेसचे पैसे मात्र आधी द्यावे लागतात. ही रक्कम वडिलांकडून मागायची नसेल, तर किमान १२ हजारांना हात लावू नका. मैत्रिणींबरोबर जायचेच असेल, तर मेच्या शेवटापासून पाऊस जोर धरेपर्यंत भंडारदरा किंवा राजमाची परिसरात काजवे पाहायला दोन दिवस जाऊन या. आणि ज्यांना त्याचाही खर्च परवडत नाही, त्यांच्यासाठी पहाटेचा सदाशिवगड तर तुमच्या दाराशीच आहे. हिमालयासाठी दोन वर्षांनी पगारी रजा घेता येईल.

आता आजोळ. चाळणीवर ठळकपणे शिल्लक राहते ते हेच, कारण रातांबे, म्हणजे ज्यांच्या सालांची आमसुले होतात ती कोकमाची फळे, तुमच्या रजेची वाट पाहत थांबत नाहीत. एप्रिलपासून फळ पिकू लागते आणि मृगाच्या आत, म्हणजे ७ जूनच्या सुमारास, सगळे आटोपावे लागते. पावसाचा भरवसा त्याच्या कितीतरी आधीच सुटलेला असतो. मेमध्ये एखादी वळवाची सर आली, की अंगणात पसरलेली साले धावत जाऊन गोळा करावी लागतात. ७८ वर्षांच्या बाईने ती कशी गोळा करायची? दरवर्षी आई त्यासाठीच जात असणार. या वर्षी कोणी गेले नाही, तर बहुधा रातांबे झाडाखाली पडून सडतील आणि आजी फोनवर ‘यंदा फळच कमी होतं’ असे सांगतील.

पण मी तुम्हाला कोकणातल्या आजोळाचे चित्र रंगवून सांगणार नाही, कारण त्या चित्राच्या भरवशावर गेलात, तर चौथ्या दिवशी परत याल. मेमधला तिथला उकाडा कराडच्या उन्हासारखा कोरडा नसतो; घाम वाळत नाही, वीज गेली की पंखा बंद, विहिरीचे पाणी तळाला गेलेले आणि मोबाइलला रेंज मिळाली तर अंगणाच्या एका कोपऱ्यात. रातांबे फोडून फोडून बोटे जांभळी होतात आणि कुठे ओरखडा असेल, तर आंबट रस असा झोंबतो की आठवण राहावी. त्यातच एकट्या राहणाऱ्या वृद्ध माणसाची दिनचर्या घडीव झालेली असते; तुमच्या उशिरा उठण्याने, आंघोळीच्या वेळेने, भांडी भलत्या जागी ठेवण्याने ती विस्कटते. आठ दिवस राहणारी नात पाहुणी असते आणि तिच्यासाठी आजीच घावने करत बसतात. तुम्ही तीन-साडेतीन आठवडे राहा. पहिल्या आठवड्यात तुमच्या येण्याने आजींचे काम वाढेल, दुसऱ्यात तुम्हाला कंटाळा येईल, आणि त्यानंतर केव्हातरी त्या तुम्हाला न विचारता काम सांगू लागतील. तेव्हापासून तुमचे तिथे असणे उपयोगाचे.

काम भरपूर असते. आमसुलांसाठी साले वेगळी करून वाळवायची, बियांभोवतीच्या गराच्या रसात मीठ घालून त्यात ती बुडवायची, पुन्हा उन्हात घालायची, आणि चांगला रंग धरेपर्यंत अशी पुटे देत राहायचे. बियाही टाकायच्या नसतात. त्यांचे तेल निघते आणि ते थंडीत टाचांच्या भेगांना लावतात. अमृतकोकमासाठी सालांत साखर भरून बरणी उन्हात ठेवायची. बरका फणस असेल, तर फणसपोळी. शिवाय आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, सगळी बेगमी समोर उभी असते: लाकूडफाटा पडवीत आणून रचायचा, कौले परतून घ्यायला माणूस बोलवायचा, सुकवलेल्या जिनसांचे डबे भरायचे. गड्याची मजुरी किंवा मिठा-साखरेचा खर्च तुम्ही उचला. आजीच्या हातात नोटा ठेवाल, तर त्या निघताना तुमच्याच पिशवीत परत सापडतील.

तुम्ही रसायनशास्त्राच्या पदवीधर आहात, म्हणून एक सुचवते. जाताना स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणि एक वही सोबत न्या. आजी ‘मूठभर मीठ’ म्हणतील ते टाकण्याआधी तोलून घ्या. साले किती किलो होती, रस किती, कितव्या पुटाला रंग कसा आला, किती दिवस ऊन मिळाले, हे रोजच्या रोज लिहून ठेवा. ज्या प्रयोगशाळेत तुम्ही ऑगस्टमध्ये उभ्या राहणार आहात, तिथले निम्मे काम हेच असते: जे केले ते मोजणे, आणि जे मोजले ते त्याच वेळी, खाडाखोड न करता, लिहिणे. हे मी परिचयपत्रात घालायला सांगत नाही. आजींचा अंदाज दरवर्षी बरोबर येतो आणि तो ग्रॅममध्ये कोणी कधी उतरवून घेतलेला नाही. तुमच्या आईलाही तो आठ दिवसांच्या भेटीत पुरता मिळालेला नसेल.

आजीच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. माझे मत असे, की पहिले दहा दिवस फोन खिशातच राहू द्या. ‘आजी, तुझ्या लहानपणाविषयी सांग ना’ या प्रश्नाला बहुतेक आज्या ‘त्यात काय सांगायचं’ एवढेच उत्तर देतात. त्याऐवजी हातात काम असताना नेमके काहीतरी विचारावे: या कुणग्याला, म्हणजे शेताच्या तुकड्याला, हे नाव कशावरून पडले, बांधावरचे झाड कोणी लावले, सातबारावरची ही दुसरी नावे कोणाची. सातबारा शासनाच्या संकेतस्थळावरून काढून आधीच नेला, तर उत्तम. त्या कागदावरच्या एकेका नावामागे एकेक भांडण आणि एकेक लग्न निघेल.

एक काळजी मात्र घ्या. काकूंच्या स्थळांपासून पळ काढण्यासाठी आजोळी जाऊ नका. तुम्ही त्या प्रस्तावाला ‘हो’ किंवा ‘नाही’ काहीच म्हटल्याचे पत्रात दिसत नाही, आणि आपल्याकडे मुलीचे मौन ही संमती धरण्याची जुनी खोड आहे. तुम्ही राजापुरात असताना इकडे पत्रिका जुळून यायची! जाण्यापूर्वी आईशी बोला, कारण काकूंना परतवून लावणे तुमच्यापेक्षा आईला अधिक सोपे आणि शोभणारे आहे. ‘सध्या नको’ असे मोघम बोलू नका. ‘नोकरीचे पहिले वर्ष पुरे होईपर्यंत कोणालाही घरी बोलवायचे नाही, त्यानंतर आपण बसून बोलू’ असे मुदतीसह सांगा. काकूंच्या बोलण्यातला ‘रिकामी’ हा शब्द मला खटकला, तसा तुम्हालाही खटकला असेल; पण त्या शब्दावरून भांडत बसण्यात आठवडा घालवू नका.

तुमच्या पत्राच्या मागील पानावर ‘वडील दरवर्षी लोणंदहून फलटणपर्यंत वारीत चालतात’ असे एक वाक्य आहे. ते तुम्ही पर्याय म्हणून लिहिलेले नाही. पण चाळणीच्या हिशेबाने तेही वरच राहते, कारण नव्या नोकरीत पावसाळ्याच्या तोंडावर चार दिवसांची रजा मागणे अवघड जाते. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला, २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला आली होती, म्हणून पंचांग पाहून माउलींच्या पालखीच्या लोणंद मुक्कामाची तारीख आताच टिपून ठेवा; कशीही आली, तरी ती तुमच्या रुजू होण्याच्या तारखेआधीच पडेल. चांदोबाचा लिंब या ठिकाणचे उभे रिंगण पाहून तरडगावमार्गे फलटणपर्यंत या वर्षी वडिलांबरोबर चाला. क्लासचा विषय त्या वाटेवर निघाला तर निघू द्या, मुद्दाम काढू नका.

आता कागदपत्रांचे, थोडक्यात. तुम्ही वडिलांची स्कूटर चालवता पण परवाना नाही, हे तुम्ही त्याच मागील पानावर ज्या सहजतेने लिहिले आहे, ते मला आवडलेले नाही. शिकाऊ परवान्यासाठी आजोळी जाण्याआधी अर्ज करा. तो मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते, म्हणजे तुम्ही रातांबे फोडत असताना ती मुदत आपोआप सरेल आणि जूनच्या उत्तरार्धात चाचणी देऊन मोकळ्या व्हाल. पॅन, बँक खाते आणि आधार या तिन्हींवर नावाचे स्पेलिंग एकच आहे का आणि आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला आहे का, ते तपासा. रुजू होण्याच्या दिवशी सर्वाधिक अडचण तिथेच येते. अधिवास किंवा तत्सम दाखला काढायचा असेल, तर तो मेमध्येच काढावा, कारण जूनमध्ये प्रवेशांची गर्दी सुरू झाली, की सेतू केंद्रासमोरची रांग रस्त्यावर येते. आजीकडे रेंजचा भरवसा नसल्याने तुमचा आसनक्रमांक कराडच्या एखाद्या मैत्रिणीजवळ देऊन ठेवा. निकाल लागला आणि एखाद्या विषयात पुनर्मूल्यांकनाची वेळ आली, तर त्या अर्जाची मुदत थोड्याच दिवसांची असते. जुलैचा शेवटचा आठवडा पुण्यात खोली शोधण्यासाठी मोकळा ठेवा. उरलेल्या दिवसांत काय करायचे, हे मी सांगणार नाही. त्यांत काही ठरलेले नसले, तरी बिघडत नाही.

निघण्यासाठी येत्या तीन-चार दिवसांच्या पलीकडे थांबू नका. मलकापुरावरून अणुस्कुरा घाटाने जाणारी गाडी मिळाली, तर दिवसाउजेडी पोहोचाल, आणि महिलांना एसटीत अर्धेच तिकीट असल्याने प्रवासाचा खर्च नगण्य आहे. परतीचा दिवस मात्र पावसाचा रंग पाहून ठरवा, कारण घाटात दरड कोसळली, की रस्ता बंद होतो. आज संध्याकाळी आजींना फोन करा आणि ‘येऊ का?’ असे न विचारता ‘कोणती कामे राहिली आहेत?’ असे विचारा. ‘काही नाही गो, तू नुसती ये’ असेच उत्तर येईल. मग आमसुलांना यंदा खडे मीठ किती लागेल, ते विचारा. तो आकडा त्या तुम्हाला लगेच सांगतील, आणि तेवढे मीठ घेऊनच गाडीत बसा.